इंदूर स्वच्छतेत पहिलं, मग डेंग्यू आमच्या घरात कुठून आला?

सुदामानगरकर | रविवार, सकाळी ९.१०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचक होतो. आज चिडून लिहायला बसलोय.

आमच्या हिला नवरात्रात डेंग्यू झाला. अष्टमीला दुपारी कन्याभोजन आटोपलं आणि एकाएकी थंडी वाजून १०३ ताप. डोळ्यांच्या मागून कुणी दाबतंय असं म्हणायची. कूस बदलायची तरी मला हाक. दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह. प्लेटलेट आधी एक लाख दहा हजार, मग ऐंशी हजार, मग बेचाळीस. चार दिवस दवाखान्यात सलाईन. आता घरी आहे, सुधारतेय, पण अजून स्टुलावर बसूनच फोडणी घालते.

आता माझा प्रश्न. आपल्या शहराने २०१७ पासून स्वच्छतेतला पहिला नंबर सोडलेला नाही. सकाळी पिवळी गाडी दारात येते, ओला-सुका कचरा मी स्वतः वेगळा करतो. गल्लीत कागदाचा कपटा दिसणार नाही, नाली झाकलेली. मग हे मच्छर आले कुठून? माझा संशय शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. मालक देवासला. गवत कमरेएवढं, मध्ये पावसाचं डबकं, पाणी हिरवं आणि वास असा की खिडकी उघडवत नाही. दोनदा धूर मारून गेले. खोकला आम्हाला आला, मच्छर जागच्या जागी.

कुणाला असा अनुभव आहे का? आणि त्या प्लॉटवाल्याचं काय करावं?

टुल्लू_पंप | रविवार, सकाळी ९.३२

काका, आधी काकूंना विश्रांती द्या, फोडणी तुम्ही घाला. प्लॉटचा फोटो काढून महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर टाका. आणि भिया, देवासवाल्याला फोन लावा, गोड बोलून. गोडाने नाही झालं तर मग आपला इंदोरी सूर आहेच.

काढाप्रेमी | रविवार, सकाळी १०.०५

पपईच्या कोवळ्या पानांचा रस, दिवसातून दोनदा. सोबत बकरीचं दूध आणि किवी. माझ्या साडूच्या प्लेटलेट दोन दिवसांत वीस हजारांवरून नव्वदवर गेल्या. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत.

मालवा_एमडी | रविवार, सकाळी ११.२०

सांगतो ना. साडूंच्या प्लेटलेट त्या दोन दिवसांत तशाही चढणारच होत्या. डेंग्यूत सहाव्या-सातव्या दिवसानंतर त्या आपल्या आपण वर येतात. त्या वेळी जे तोंडात असेल त्याला श्रेय मिळतं. बकरीच्या दुधाचा भाव तेवढा वाढतो. पपईच्या पानांवर थोडंफार संशोधन झालंय, पण ज्याला आधीच उलट्या होतायत त्याला तो कडू रस पाजून आणखी उलट्या काढणं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा ओआरएस, ताक, डाळीचं पाणी, शहाळं द्या. लघवी दर चार-सहा तासांनी होतेय ना, एवढं बघा.

खरं तर घरचे प्लेटलेटच्या आकड्याकडे टक लावून बसतात आणि धोका दुसरीकडेच असतो. डेंग्यूत केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. म्हणून आम्ही हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्याचा आकडा बघतो. आणि हे होतं कधी? ताप उतरल्यावर! तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये. पेशंट म्हणतो बरं वाटतंय, घरचे पोहे-जलेबी आणतात, आणि संध्याकाळी हातपाय गार. ताप उतरल्यावर पोट खूप दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस सुस्तावला किंवा उगाच तगमग करू लागला, तर रात्र काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

रक्तस्राव नसेल तर बहुधा दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायची गरज पडत नाही. काकूंना चढवल्या नाहीत हे योग्यच झालं. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. अंग ठणकतं म्हणून मेडिकलवाल्याकडून सुई टोचून घेणारे दरवर्षी येतात.

जुनालॅबवाला | रविवार, दुपारी १२.४५

सुदामानगरकर, तुमचा प्लॉट निर्दोष आहे.

एकतीस वर्षं लॅबमध्ये काढली. त्यातली काही मलेरियावाल्यांबरोबर घरोघर अळ्या शोधण्यात गेली. त्यावरून सांगतो. हिरवं, वास मारणारं पाणी हे क्युलेक्सचं माहेर. रात्री कानाशी गुणगुणतो तो हा. डेंग्यूचा एडिस वेगळ्या घराण्यातला. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आवाज जवळपास नाही, चावतो दिवसा: सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जास्त. त्याला पाणी हवं स्वच्छ, स्थिर, आणि शक्यतो भांड्यातलं. जमिनीवरचं डबकं त्याला फारसं आवडत नाही. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, टायर, नारळाची करवंटी ही त्याची बाळंतघरं. तेव्हा ज्या घरात पाणी गाळून, झाकून, चार ठिकाणी भरून ठेवतात ते घर त्याला जास्त पसंत. तुमच्या स्वच्छ शहराचा आणि त्याचा झगडा नाहीच मुळी.

दुसरं, तो फार लांब उडत नाही. ज्या घरात जन्मतो त्याच्या आसपासच शे-दोनशे मीटरात आयुष्य काढतो. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत लपतो. म्हणून बाहेरच्या धुराने तो मरत नाही. आणि धुराने मेलाच तरी पाण्यातल्या अळ्या आठवड्यात नवी फौज उभी करतात.

आता तीन प्रश्नांची उत्तरं द्या. वहिनी दुपारी कुठे बसतात? घरात पाणी कुठे-कुठे साठवलंय? आणि आठ-पंधरा दिवस आधी गल्लीत कुणाला ताप होता का?

सुदामानगरकर | रविवार, दुपारी ४.१५

लॅबवाले साहेब, राग मानू नका, पण आमच्याकडे तसलं काही नाही. हौदाला लोखंडी झाकण, गच्चीवरच्या टाक्यांना झाकण. खालचा कूलर दसऱ्याच्या आधीच कोरडा करून माळ्यावर टाकलाय. कुंड्या आहेत, पण ताटल्या नाहीत.

ही दुपारी मागच्या ओसरीत बसते. भाजी निवडणं, पेपर, मग तिथेच खाटेवर डुलकी.

ताप म्हणाल तर समोर भाड्याने कोचिंगची पोरं राहतात. त्यातला एक गणपतीच्या झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) बघून आला आणि त्याच आठवड्यात तापाने पडला. त्याचे वडील येऊन त्याला गावी घेऊन गेले. पण तो समोर, आम्ही इकडे. आमचं येणं-जाणं नाही.

जुनालॅबवाला | रविवार, संध्याकाळी ६.३०

तुमचं येणं-जाणं नसेल, एडिसच्या मादीचं असतं.

हिशेब बसतोय बघा. झांक्या अनंत चतुर्दशीच्या रात्री. पोरगा त्यानंतर आठवड्याच्या आत पडला. त्याला चावलेल्या मादीच्या पोटात विषाणू तयार व्हायला आठ ते बारा दिवस. मग ती ज्याला चावेल त्याला चार ते दहा दिवसांनी ताप. अष्टमी बरोबर त्यात येते. शिवाय एडिसची मादी एका ठिकाणी पोटभर जेवत नाही. जरा हललात की उडते आणि दुसऱ्याला चावते. एकाच घरात लागोपाठ दोघे-तिघे पडतात ते म्हणून.

पोरगा बिचारा निमित्त. ती मादी आणि तिच्या बहिणी कुठे जन्मल्या ते शोधा. ओसरीच्या वर काय आहे?

मल्टीतली_माई | रविवार, रात्री ९.००

आमच्या मल्टीत (बहुमजली इमारतीत) गेल्या वर्षी अकरा घरांत डेंग्यू. सगळे म्हणत होते, मागच्या झोपडपट्टीतून आला. मलेरियाची मंडळी आली, टॉर्च घेऊन सरळ लिफ्टच्या खड्ड्यात उतरली. घोटाभर नितळ पाणी, अळ्यांनी वळवळत होतं. मग एकेका घरात शिरले. तिसऱ्या मजल्यावर मनी प्लांटची निळी बाटली. पाचव्यावर फ्रिजच्या मागचा ट्रे, जो फ्रिज घेतल्यापासून कुणी पाहिलाच नव्हता. माझ्याकडे? पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं. रोज वरून पाणी ओतत होते मी, पुण्य म्हणून. ओतत होते, बदलत नव्हते.

झोपडपट्टीत कुणाला झाला नव्हता म्हणे. तिथे टँकरचं पाणी त्याच दिवशी संपतं.

मालवा_एमडी | रविवार, रात्री ९.४०

माई, शेवटचं वाक्य सगळीकडे लागू करू नका. टँकरवाल्या वस्तीत ड्रम भरून ठेवतात, तिथेही भरपूर केसेस बघितल्यात. पण हा ‘गरिबांचा आजार’ नाही हे खरं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१७-१८ मध्ये १५ राज्यांत १२,३०० लोकांचं रक्त तपासलं होतं. निम्म्याच्या आसपास, ४८.७ टक्के लोकांना आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला. खेड्यात ४२.३ टक्के, शहरात ७०.९! यातल्या बहुतेकांना पत्ताही नसेल, कारण बऱ्याच जणांना साधा ताप येतो किंवा काहीच होत नाही.

रामबागची_लेक | सोमवार, सकाळी ७.५०

सासर नाशिक, माहेर इंदूरचं रामबाग. हा धागा वाचून आईचं न्हाणीघर डोळ्यांसमोर आलं. दोन तांब्याची घंगाळं, एक पितळी पिंप, प्लॅस्टिकचे तीन ड्रम, चार कळश्या, आणि तरी ती म्हणते, "आज नर्मदा नाही, जपून वापरा." एक दिवसाआड नळ येणार म्हणून सगळं भरायचं, आणि नळ आले की जुनं ओतून पुन्हा भरायचं, हा मूळ नियम. पण ओतून द्यायला जीव होत नाही. तळाचं पाणी तसंच ठेवून वर नवं भरते. तिला काय बोलणार? १९७८ मध्ये नर्मदा शहरात आली तोवर ज्यांनी हंडाभर पाण्यासाठी रांगा लावल्या, त्यांच्या हातून पाणी सांडत नाही. आजी तर नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणणाऱ्या १९७० च्या आंदोलनाची गोष्ट अशी सांगायची जणू तीच मोर्चाच्या पुढे होती.

मला विचाराल तर आपल्या शहरातला डेंग्यू त्या एक दिवसाआडच्या नळात आहे. नळ रोज आला असता तर कशाला कुणी भरून ठेवलं असतं?

टुल्लू_पंप | सोमवार, सकाळी ८.१५

नळाचं पाणी खेचणारा टुल्लू पंप मीच, माझ्या आयडीवर हा थेट हल्ला आहे.

जुनालॅबवाला | सोमवार, सकाळी १०.२५

रामबागच्या ताईंचं अर्धं पटलं. साठवण हे मोठं कारण आहे, पण साठवण म्हणजे डेंग्यू नव्हे. आईंना पाणी ओतायला सांगू नका, त्या ऐकणार नाहीत. पिंपाच्या तोंडावर जुनी सुती साडी चौपदरी करून बांधा, दोरीने घट्ट. मादी आत शिरता कामा नये. आणि आठवड्यातून एकदा भांडं रिकामं झालं की आतली कड घासायची, नारळाच्या काथ्याने, जोर लावून. मादी पाण्यात अंडी सोडत नाही, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. काळी, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. पाणी आटलं तरी ती महिनोन् महिने कोरडी तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी बदललं आणि कड घासली नाही तर काम अर्धवट.

अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवायचा. आमच्याकडे शनिवार. मारुतीला तेल आणि टाक्यांना काथ्या.

अवांतर: कार्ड टेस्टवर डोळे झाकून विसंबू नका. एनएस१ पहिल्या पाच दिवसांत सापडतं, आयजीएम अँटीबॉडी पाचव्या दिवसाच्या पुढे. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून ‘निगेटिव्ह आलं’ म्हणणारे खूप. पक्कं निदान लॅबमधल्या एलायझा चाचणीने.

सुदामानगरकर | मंगळवार, सकाळी ११.४०

साहेब, तुमचा ‘ओसरीच्या वर काय आहे’ हा प्रश्न दोन दिवस डोक्यात फिरत होता.

ओसरीच्या वर मुलाची खोली. मुलगा-सून पुण्यात, सात वर्षं झाली. वरचा मजला त्यांच्यासाठी म्हणून ठेवलाय, भाड्याने दिला नाही. मे महिन्यात नातवंडांना घेऊन येतात, मग थेट दिवाळीत. मधल्या काळात कुलूप. आम्हा दोघांचे गुडघे असे की जिना चढायला निमित्त लागतं.

आज दिवाळीच्या सफाईचं निमित्त काढून चढलो. खोलीत काही नाही, नुसती धूळ. खिडकी उघडली तर बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर. मुलांसाठी मे महिन्यात लावलेला तोच. मीच लावला होता. पंपाची पिन काढली होती, पाणी काढलं नव्हतं. वरून पूर्ण पावसाळा त्यात पडला. पाणी असं नितळ की तळातला गंजाचा डाग दिसत होता. मी वाकलो, माझी सावली पडली आणि ते सगळं पाणी हललं. सुतळीचे बारीक तुकडे असावेत तशा शेकडो अळ्या एकदम खाली सुळकन गेल्या. थोड्या वेळाने एकेक करून परत वर आल्या आणि शेपटाने पाण्याला लटकल्या. मधून-मधून स्वल्पविरामासारखे वाकडे ठिपकेही होते. वाळ्याच्या ताट्यावर एक मच्छर बसलेला. पायांवर पांढरे पट्टे.

बरोबर खाली हिची खाट.

मी तिथेच जिन्यावर पाच मिनिटं बसलो. मग कूलर तिरका करून सगळं पाणी खाली अंगणात ओतलं.

जुनालॅबवाला | मंगळवार, दुपारी १२.०५

फरशीवर ओतलंत की मातीत? मातीत, उन्हात पडलं असेल तर संपलं. नालीत जाऊ देऊ नका, तिथे पाणी असेल तर त्या जगतात. ते स्वल्पविराम म्हणजे कोष. दोन दिवसांत उडाले असते. ताट्या जाळून टाका, टाकीची आतली कड घासा, आणि खोलीतल्या कपाटामागे, पडद्यामागे फवारा मारून दारं तासभर बंद ठेवा. उडते अजून आत असणार.

आणि वरच्या मजल्यावर संडास आहे ना? कमोडचं झाकण उघडं होतं का? फ्लशची टाकी?

सुदामानगरकर | मंगळवार, दुपारी १२.५०

उघडं होतं. अळ्याही होत्या.

पुणेरी_इंदोरी | मंगळवार, दुपारी १.३०

मी तो मुलगा नाही, पण तसाच एक. इंदूरला लोकमान्य नगरात आमचाही वरचा मजला असाच ‘माझा’ आहे, वर्षातून पंधरा दिवस. आत्ता ऑफिसातून आईला फोन केला. ती म्हणाली, वर कशाला जाऊ, वर कोणी नसतं. बाबांना शुगर आहे. डॉक्टर, त्यांना जास्त धोका असतो का?

मालवा_एमडी | मंगळवार, रात्री १०.१०

हो. मधुमेह, स्थूलपणा, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण आणि एक वर्षाखालचं बाळ, यांच्यात डेंग्यू बिघडण्याची शक्यता जास्त. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाने झाला की त्या प्रकारापुरतं जन्माचं संरक्षण, बाकी तिघांपासून जेमतेम काही महिने. त्यानंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आधीच्या अँटीबॉडी उलट विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात. म्हणजे काकू, ‘एकदा होऊन गेला, सुटले’ असं समजू नका. शहरातले सत्तर टक्के वर सांगितलेच. त्यातल्या प्रत्येकाचा पुढचा डेंग्यू हा निदान दुसरा असणार.

लसीचं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो: भारतात बनलेल्या डेंगीऑल या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकहून सुरू झाली, दहा हजारांवर लोकांवर. चारही प्रकारांवर एकाच वेळी चालणारी लस करायची म्हणून ही भानगड अवघड. तोवर काथ्याच.

आणखी एक. तापाचे पहिले चार-पाच दिवस पेशंटला दिवसा मच्छरदाणीत ठेवा. आपण रात्री लावतो आणि सकाळी गुंडाळतो. त्याच्या रक्तात विषाणू असताना त्याला चावलेली प्रत्येक मादी पुढच्या घराचं निमंत्रण.

काढाप्रेमी | मंगळवार, रात्री १०.४५

मच्छरदाणीचं पटलं. पपईवर मी ठाम आहे.

टुल्लू_पंप | बुधवार, सकाळी ९.२०

काका, त्या देवासच्या प्लॉटवाल्याचं काय झालं?

सुदामानगरकर | बुधवार, सकाळी ९.५५

रविवारीच फोन लावला होता. गोडाने सुरुवात केली, पुढे सूर इंदोरी झाला. बायको मरता-मरता वाचली वगैरे बोलून गेलो. बिचारा काल जेसीबी घेऊन आला. गवत साफ, डबकं बुजवलं, मुरूम टाकला. जाताना हिची चौकशी करायला घरात आला, सोबत एक किलो सफरचंद. कूलर तेव्हा अंगणात उलटा पडला होता. त्याने पाहिला. मी काही बोललो नाही. त्याला चहा दिला.

सुदामानगरकर | बुधवार, दुपारी ३.१५

ह्यांच्या आयडीवरून मी लिहितेय, हे झोपलेत. सगळ्यांनी चौकशी केलीत, बरं वाटलं. धाग्यात एक गोष्ट राहिली ती लिहिते. मुलं गेली त्या दिवशीच मी म्हटलं होतं, कूलरचं पाणी काढा. "उद्या काढतो" म्हणाले. वरच्या कुलपाची किल्ली आता माझ्या पदराला आहे. जिना मी शनिवारी हळूहळू चढणार आहे, काथ्या हे घेऊन येतील.